विकला गेला म्हणजे काय?

'अमका विकला गेला' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. शायर सिनेमात गेला, विकला गेला. लेखकाने सरकारी पुरस्कार घेतला, विकला गेला. चळवळीतल्या पोराने नोकरी धरली, तोही विकला गेला. बोलणाऱ्याला या वाक्याची काही किंमत मोजावी लागत नाही. ज्याच्याविषयी ते बोलले जाते, त्याचे मात्र कधी कधी आयुष्यभराचे काम मातीमोल होते. म्हणून हा शब्द एकदा नीट तपासून पाहावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी आम्ही एक दूरची हकिकत घेतो. ती आपली नाही, त्यामुळे तिच्यात आपली बाजू आधीच ठरलेली नाही.

हकिकत अमेरिकेतल्या 'जॉब्रेकर' या बँडची आहे. गायक आणि गिटारवादक ब्लेक श्वार्झेनबाख, बास गिटार वाजवणारा ख्रिस बावरमायस्टर आणि ड्रमवादक अ‍ॅडम फालर हे तिघे १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना एकत्र आले. पुढे त्यांनी सॅन फ्रान्सिस्को गाठले. त्यांचे संगीत पंक घराण्यातले होते. वेगवान, खरखरीत, मोजक्या सुरांचे. पण त्याला गुणगुणता येईल अशी चाल होती आणि मनातले दुःख सांगणारे शब्द होते. अशा गोड चालीच्या पंकला तिकडे पॉप-पंक म्हणतात.

पंक ही तेथे नुसती गाण्याची तऱ्हा नव्हती, ती एक बिरादरी होती. आपला कार्यक्रम आपण करायचा, आपली मासिके आपण छापायची, तिकीट स्वस्त ठेवायचे आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात जायचे नाही. शेजारच्या बर्कले शहरात ९२४ गिलमन स्ट्रीट हे या लोकांचे ठिकाण १९८६ च्या अखेरीस सुरू झाले. ते स्वयंसेवक चालवत. बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तेथे मंच मिळणार नाही, असा नियम होता. 'ग्रीन डे' हा बँड याच मंचावर वाढला. तो बड्या कंपनीकडे गेला. १९९४ साली त्याचा 'डुकी' हा अल्बम आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. गिलमनचा दरवाजा मात्र त्याला बंद झाला.

आता सर्वांच्या नजरा जॉब्रेकरवर खिळल्या. १९९३ साली त्यांनी 'निर्वाणा' या नामांकित बँडच्या दौऱ्यात काही कार्यक्रम केले, तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती. आम्ही बड्या कंपनीकडे जाणार नाही, असे श्वार्झेनबाखने मंचावरून सांगितले, आणि ते एकदाच नव्हे. १९९४ च्या अल्बममध्ये 'बॉक्सकार' नावाचे गाणे होते. खरा पंक कोण याची परीक्षा घेत फिरणाऱ्यांची त्यात थट्टा होती. लोकांनी ते आनंदाने गायले. आपलीच थट्टा चालली आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या लक्षात आले असेल?

मग करार झाला. गेफेन कंपनीच्या डीजीसी या शाखेशी, तीन अल्बमचा, दहा लाख डॉलरचा. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण अशी आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे. ती बँडच्या वाट्याच्या विक्रीतून कंपनी वसूल करून घेते. विक्री झाली नाही तर पुढचे हिशेब थांबतात. १९९५ च्या सप्टेंबरात 'डिअर यू' हा अल्बम आला. निर्माता 'डुकी'चाच, रॉब कव्हॅलो. आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ होता. १९९२ मध्ये युरोपच्या दौऱ्यात श्वार्झेनबाखच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली होती. जुना फाटका आवाज आता तसा राहिला नव्हता. चाहत्यांनी मात्र कंपनीने आवाज धुऊन काढला असा अर्थ लावला. नवी गाणी सुरू झाली की काही जण बँडकडे पाठ करून जमिनीवर बसत. अल्बम खपला नाही. तिघांत आधीपासून असलेली धुसफूस १९९६ च्या दौऱ्यात हातघाईवर आली आणि त्याच वर्षी बँड संपला.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. चाहत्यांचे चुकले का?

एका बाबतीत नाही. ज्याने जबान दिली, त्याला ती विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. आम्ही वर्गात मुलांना 'दिलेला शब्द पाळावा' यावर निबंध लिहायला लावतो. तेव्हा कलावंताला त्यातून सूट कशी देणार? त्यांची भीतीही खोटी नव्हती. लहान मंच कष्टाने उभे राहतात आणि बडे पैसे आले की ते रिकामे होतात. नियम नसता तर गिलमन टिकले असते का, हा प्रश्न रास्त आहे.

पण शब्द मोडणे ही एक गोष्ट आणि ईमान विकणे ही दुसरी. शब्द मोडल्याची तक्रार माणसाच्या तोंडावर करता येते. ईमान विकले असे म्हणायचे तर त्याचे काम पाहावे लागते. गाण्यात खोटेपणा आला का? जे वाटत नाही ते तो गाऊ लागला का? पाठ फिरवून बसलेल्याला हे कसे कळणार? त्यांनी गाणे ऐकले नाही, वेष्टनावरचे कंपनीचे नाव वाचले.

याचा दाखला काळाने दिला. बाजारातून गेलेला तो अल्बम २००४ साली फालरने स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे पुन्हा काढला. तोवर तरुण मंडळी त्याला पुजू लागली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये शिकागोच्या रायट फेस्टमध्ये तिघे एकवीस वर्षांनी मोठ्या मंचावर आले, तेव्हा समोर प्रचंड गर्दी होती. अल्बममधला एक सूर बदलला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे.

आणखी एक गोष्ट आम्हांला बोचते. बिरादरीने कलावंताकडे गरिबीची मागणी केली. त्याच्या भाड्याची, औषधपाण्याची, म्हातारपणाची जबाबदारी घेतली नाही. त्यागाची सक्ती करणाऱ्याने त्यागात आपला वाटा उचलायला नको का? श्वार्झेनबाखने पुढे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात इंग्रजी शिकवले. आमच्याच पेशात आला म्हणायचा! पगार घेऊन शिकवणाऱ्याला कोणी विकलेला म्हणत नाही, गाणाऱ्याला म्हणतात. हा कसला इन्साफ?

कलावंतालाही एक सांगणे आहे. टाळ्यांच्या भरात उद्याच्या दिवसाचा करार करू नये. उद्या आवाज बदलतो, गरज बदलते, माणूसही बदलतो. जो शब्द आपल्याला निभावता येईल तेवढाच द्यावा, आणि तो बदलायची वेळ आली तर ज्यांना दिला त्यांच्यासमोर उभे राहून तसे सांगावे.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी? 'विकला गेला' म्हणण्याआधी त्याचे नवे गाणे शेवटपर्यंत ऐकावे, नवे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. त्यानंतरही तसेच वाटले तर खुशाल म्हणावे. पण तोंड त्याच्याकडे करून म्हणावे.