बांधाआडचा मातीविना मळा

पेणच्या खारेपाटातल्या एका गावात एक आजा आणि त्याचा नातू राहत होते. आजाची भातशेती खाडीच्या बांधाआड होती. नातू रोज गाडी पकडून रोह्याला जाई. तिथे धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो पाण्यातले क्षार मोजत असे. या कामातूनच त्याला हायड्रोपोनिक्सचा नाद लागला.

परसात त्याने प्लास्टिकच्या छताची शेड उभारली आणि कमरेइतक्या उंच घोड्यांवर पीव्हीसीचे पाइप आडवे टाकले. पाइपांना गोल भोकं पाडली, प्रत्येक भोकात जाळीचा पेला बसवला आणि पेल्यात कोकोपीट भरून लेट्यूस आणि पालक लावला. टाकीतलं पाणी पंपाने पाइपात चढे, मुळांखालून पातळ धारेने वाहे आणि परत टाकीत येई. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम, लोह, रोपाला जे जे मातीतून मिळतं ते सगळं त्या पाण्यातच विरघळवलेलं होतं. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण मात्र तो वेगळ्या कॅनमध्ये ठेवी, कारण सल्फेट आणि फॉस्फेटशी त्याची तशीच गाठ पडली तर तळाशी पांढरा साका बसतो आणि खत वाया जातं. पीएच सहाच्या आसपास आणि ईसी, म्हणजे क्षारांचं माप, दीडच्या आसपास राहील याकडे त्याचं बारीक लक्ष असे.

पाण्याची अडचण त्याने फार हुशारीने सोडवली होती. खारेपाटात बोअरला खारं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पण आभाळ उदार आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरवर तीन हजार लिटर पाणी येतं. त्याने पन्हळी लावून ते सगळं अंगणातल्या जमिनीखालच्या सिमेंटच्या टाकीत घेतलं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे अशा शेतीला याहून चांगलं पाणी नाही. माल रोह्याचा मामा घेऊन जाई आणि कोलाडला राफ्टिंगसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या हॉटेलांत देई.

मृग जवळ आला तसा आजा म्हणाला, "पोरा, बांदाला खेकड्यांनी बिलां पारलीत. उद्या जोळ हाय, येशील ना?"

"आजा, मला मातीच लागत नाही. बांध फुटला तर भाताचं नुकसान. माझ्या पाइपांना काय होणार?" मग त्याने आजाला वेक बेटाची गोष्ट सांगितली. पॅसिफिक महासागरातल्या त्या पोवळ्याच्या बेटावर 1930 च्या दशकाच्या शेवटी पॅन अमेरिकन कंपनीने आपल्या विमानप्रवाशांसाठी मातीशिवाय भाजीपाला पिकवला होता. "चारी बाजूंना समुद्र, आजा! आणि जेवणात ताजी भाजी."

आजाने खांद्यावर फावडं टाकलं आणि तो एकटाच गेला.

नातवाचं सगळं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. एकदा खारं पाणी शिरलं की शेतातलं मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. अशी जमीन पाहत मोठ्या झालेल्या पोराने दुसरी वाट शोधली, हे धाडसच होतं. पण खारेपाटात बांध कधीच एकट्याचा नव्हता. घरटी एक माणूस बांधावर उतरून चिखल ओढायचा, ही जोळ. 1948 च्या खारभूमी कायद्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली, आणि बांध सरकारचा झाला तशी गावाची पावलं त्याच्याकडे वळेनाशी झाली. त्या दिवशीही जोळीला मोजकी म्हातारी माणसंच आली.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला वरून पाऊस कोसळत असताना बांधाला खांड गेली. रात्री खाडी भातात शिरली, भातातून अंगणात आली. ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा आवणातली भाताची रोपं आडवी झाली होती. शेड जशीच्या तशी उभी होती, पाइपांतली पानं हिरवीगार. नातवाचा जीव भांड्यात पडला.

नवं द्रावण करायला त्याने जमिनीखालच्या टाकीत ईसीचा मीटर बुडवला. आकडा नऊवर गेला. समुद्राच्या पाण्याचा ईसी पन्नासच्या आसपास असतो. त्या रात्री झाकणाच्या फटीतून खाडी आत उतरली होती. रस्ता पाण्याखाली गेल्याने टँकर येईना. शेडमधल्या टाकीतलं गोडं द्रावण रोपं पीत होती, पातळी रोज खाली जात होती. शेवटी त्याला खारंच पाणी मिसळावं लागलं. लेट्यूसच्या कडा करपल्या, मग पानं माना टाकू लागली. मुळं पाण्यात होती तरी रोप तहानलेलं होतं. बाहेरचं पाणी आतल्या रसापेक्षा खारट झालं की मुळाला ते ओढून घेता येत नाही.

"मामा, माल नाही," एवढंच तो फोनवर बोलला. मामाने कारण विचारलं आणि दुसऱ्या सकाळी रोह्याहून चार माणसं आणि रिकाम्या गोण्यांचा भारा घेऊन तो हजर झाला. गोण्यांत माती भरली, दगड लावले आणि दोन ओहोट्यांत खांड बुजवली. या वेळी नातू मांडीएवढ्या चिखलात उभा होता.

पण बांध अजून कुठून तरी पाझरत होता आणि बिळं गवताआड दिसत नव्हती. पुढचे दिवस पाऊस जोरदार लागला, भातातलं साचलेलं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत गेलं आणि बांधाच्या आतल्या चरात नवं पाणी आलं. तेव्हा नातू घरून मीटर घेऊन आला. तो चराच्या काठाने चालू लागला, काही पावलांवर वाकून मीटर बुडवू लागला. तीन. साडेतीन. तीन. मागून आजा आणि गावातली तरणी पोरं फावडी घेऊन येत होती.

एका जागी तो थांबला, मीटर धुऊन पुन्हा बुडवला.

"इथं कती?" आजाने विचारलं.

"एकवीस."

"मंग हितंच खना."

हातभर खोल उकरल्यावर बीळ सापडलं, मनगट जाईल एवढं. पोरांनी त्यात चिखल ठासून भरला. भरतीला अजून दोन तास होते. नातू पुढे सरकला आणि त्याने मीटर पुन्हा चरात बुडवला.