नागपूर करार : देणे कोणाचे?

करार दोन पक्षांत होतो. पण ज्याची पूर्तता होताच ते पक्ष नाहीसे होतात, अशा कराराचे पुढे काय? २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आम्हांला याच कारणाने विचारणीय वाटतो. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, देवीसिंग चौहान आदींच्या सह्या आहेत. बालाघाटचे त्यात कोणी नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि कालपर्यंतची आपली राजधानी नागपूर परराज्यात गेली. त्यामुळे मलाजखंडात बसून हा करार वाचताना आम्हांला त्यातून काही मागायचे नाही.

लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, नोकऱ्यांत व उच्च शिक्षणात वाटा, नागपुरास उच्च न्यायालयाचे पीठ आणि वर्षातून किमान एक अधिवेशन अशी त्यातील वचने होती. पैकी खंडपीठ राहिले. अधिवेशनही बहुतेक वर्षी भरत आले. मात्र ते किती आठवडे चालावे हे लिहिलेले नसल्याने संत्री आणि हुरडा यांसाठीच त्याची ख्याती अधिक. निधीच्या वाट्याचे वचन असे डोळ्यांना दिसणारे नव्हते. तेथेच अनुशेष साचला.

करार हा कायदा नव्हे आणि सह्या करणारे आता नाहीत, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद भोसल्यांच्या मुलखातील माणसांनी तरी ओळखावा. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि वारस नाही म्हणून कंपनीने नागपूरचे राज्य खालसा केले. वचन घेणारा गेला की वचनही गेले, हाच तो न्याय. आम्हांला तो तेव्हाचा पटत नाही आणि आताचाही पटत नाही. विदर्भ ज्या राज्यात आला ते राज्य उभे आहे. ज्याने घर घेतले त्याच्याकडे घरावरचे देणेही आले.

अडचण आहे ती निराळी. घेणेकरी आणि देणेकरी एकाच घरात राहू लागले की तगादा लावणार कोण? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद केली. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. मग उरतात ते त्या त्या भागाचे आमदार, आणि त्यांतील अनेकांचा पक्षच सरकारात असतो.