कागदावर साठ, गुडघ्यात ऐंशी

पावसाळ्यात करंजाच्या बंदरावर होड्या शाकारलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. याच दिवसांत होडीची तपासणी होते. सुतार हातोडीनं फळीन् फळी ठोकतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठलं लाकूड आतून सडलंय. होडी कुठल्या साली बांधली, हे नोंदणीच्या कागदावर असतं, पण ते बघण्याची त्याला गरज वाटत नाही. दहा वर्षांची होडी मोडीत निघते आणि पंचवीस वर्षांची आणखी चार हंगाम काढते.

माणसाच्या बाबतीत हीच ठोकाठोक आता प्रयोगशाळेत चालते. तिचं नाव 'जैविक वय'. २०१३ मध्ये संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणा वाचून वय सांगणारं गणित मांडलं. पुढे अशी 'घड्याळं' पुष्कळ निघाली. एकाच माणसाला दोन घड्याळं दोन वेगळी वयं सांगू शकतात, ही गोष्ट त्यांच्या जाहिरातीत तेवढी नसते.

कल्पना मात्र खोटी नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा संशोधक आजवर करत आले आहेत. ही मंडळी ३८ वर्षांची असताना तपासलं, तर कुणाचं शरीर २८ वर्षांचं निघालं, कुणाचं ६१चं. शाळेच्या स्नेहमेळाव्याला गेलेल्या कुणालाही हे पटेल. आपण तरतरीत वर्गमित्राची पाठ थोपटतो, "प्रकृती छान जपलीस रे!" आणि वाकलेल्याबद्दल मागे कुजबुजतो.

मी अडतो तो या शाबासकीपाशी. बंदरावर एका म्हाताऱ्या खलाशाला वय विचारलं, तर तो हसून म्हणाला, "कागदावर साठ, गुडघ्यान ऐंशी." रात्र रात्र जागून जाळं ओढायचं, बर्फाचे क्रेट उचलायचे, खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात दिवस काढायचा. त्याची बायको पहाटे टोपली घेऊन निघायची आणि दिवसभर बाजारात उकिडवी बसायची. यांनी प्रकृती जपली नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? माझं शरीर कागदापेक्षा तरुण निघालं, तर त्यातली काही वर्षं माझी ओझी उचलणाऱ्यांच्या खात्यातून आलेली असतील.

सरकार विचारतं ते कागदावरचं वय. श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण हवीत, एसटीचं अर्धं तिकीट ६५ला, फुकट प्रवास ७५ला. जैविक वयावर पेन्शन द्या, असं मी म्हणणार नाही. उद्या विमा कंपनीही त्याच आकड्यावर हप्ता वाढवेल. पण ज्याचं शरीर आधी झिजतं त्याच्यापर्यंत तपासणीही आधी पोचायला हवी, इतकं तरी मान्य व्हावं.

त्यासाठी महागडी घड्याळं लागत नाहीत. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची हाताची पकड मोजली गेली. पकड ५ किलोनं कमी, तर मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त, असा संबंध दिसला. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तर एवढंच पाहिलं, की माणूस आधाराशिवाय जमिनीवर बसून उठतो का. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८च्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरच्या माणसांची पकड मोजलेली आहे. पद्धत घरातलीच आहे. (जाळं ओढणाऱ्याची पकड मात्र आपल्याला लाजवेल आणि त्याच वेळी त्याचा गुडघा दगा देईल. म्हणून एका आकड्यावर माझा फार भरवसा नाही.)

तेव्हा मच्छीमार सोसायट्यांना आणि आरोग्य केंद्रांना एक विनंती. बंदीच्या दोन महिन्यांत सगळे गावातच असतात. होड्या तपासल्या जातात तिथेच एक टेबल मांडा. पकड, चाल, रक्तदाब, साखर, डोळे, गुडघे, एवढं बघा. चाळिशीपासून सुरुवात करा, आणि टोपलीवाल्या बायकांना आधी बोलवा. बाजार चुकेल म्हणून त्या आपणहून येणार नाहीत.