गुपित कोणाचे?

विद्यापीठाच्या समुपदेशकाजवळ एखाद्या विद्यार्थ्याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तर ते पालकांना कळवावे की नाही? हा प्रश्न वरवर कार्यालयीन नियमाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. मुलाचे शुल्क पालक भरतात, काळजी तेच वाहतात. मग त्याच्या मनातले त्यांच्यापासून का दडवावे, असे आमच्या पिढीतील पुष्कळांना वाटते. ही भावना क्षुद्र नव्हे. तिचा विचार गांभीर्यानेच करावयास हवा.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेद करण्यास मनाई केली आणि गुप्तता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क ठरविला. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद ठेवले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असे सांगितले. या विद्यार्थ्यांशी सहृदयतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे.

परंतु कायद्याने मन पटतेच असे नाही. म्हणून मराठीतील दोन दाखले आठवावेसे वाटतात. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीच्याही होत्या. घरात जे विचारता येत नव्हते ते लोक एका अपरिचित संपादकाला विचारीत होते. दुसरा दाखला तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ च्या नाटकाचा. महाविद्यालयात शिकणाऱ्या सुमित्राला स्त्रीविषयी आकर्षण वाटते, आणि ते बोलण्यास तिला बापू हा एकच मित्र असतो. अखेर तोही दूर होतो आणि ती जीव देते. जो भार जाणत्या माणसाने उचलावयाचा तो एका कोवळ्या तरुणावर पडला होता.

शासकीय सेवेत आम्ही गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे सांभाळले. कागद आमच्या कपाटात असे, पण तो आमचा नसे. समुपदेशकाची स्थिती तीच आहे. गुपित विद्यार्थ्याचे, ते केव्हा, कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचे हे ठरविणे त्याचेच. समुपदेशकाने परस्पर घरी कळविले, तर आईवडिलांना स्वतः विश्वासात घेण्याची मुलाची संधी तो हिरावून घेतो. शिवाय दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत अन्य कोणी पाऊल टाकीत नाही. दवाखान्याचेही तसेच. बाहेर रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात खाजगी प्रश्न विचारले गेले, तर मुलगा दुखणे अंगावर काढतो, पण पुन्हा येत नाही.

आपल्या समाजात तर हे अधिकच खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेली आपली घरे थोडी आणि नातेसंबंधांनी घट्ट बांधलेली आहेत. इंदुरात सकाळी निघालेली गोष्ट संध्याकाळी ग्वाल्हेरीस पोचते, आणि तिच्याबरोबर लग्नाच्या वाटाघाटीही फिसकटतात. ज्या आपुलकीचा आपल्याला अभिमान, तिचाच अशा मुलाला धाक वाटतो.

मग पालकांच्या वाट्याला काय उरते? आमच्या मते पुष्कळ. समुपदेशक मुलाला घरी बोलण्याचे बळ देऊ शकतो. पालकांनाही त्याच्याकडे जाऊन स्वतःची भीती बोलून दाखविता येते. 'बरे करून देतो' म्हणणाऱ्या वैद्याच्या मागे मात्र लागू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत. मुलाचे गुपित मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना ते निर्भयपणे सांगावेसे वाटेल असे आईवडील, आजीआजोबा होणे मात्र आपल्या हाती आहे.