ताईंकडून काय मागावं

प्रिय भाचीस,


थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा, आता यांना सांभाळायला बाई कशाला, असं तुझ्या सासूबाई म्हणतात आणि तुलाही ते अर्धं पटलेलं दिसतं. मला पटत नाही. शाळेची बस दीडला येते, तुम्ही दोघं आठला घरी. मधल्या वेळात घरात एक शहाणं, मोठं माणूस हवंच. फक्त तान्ह्या बाळाच्या बाईंकडून जे मागतो ते इथे मागायचं नाही. या मुलांना भरवायचं नसतं, न्हाऊ घालायचं नसतं. त्यांच्याकडे लक्ष हवं, पण त्यांना जाच वाटणार नाही असं.

गावाकडून एखादी पोरगी आणण्याचा विचार मात्र मनातून काढून टाक. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपल्याच वयाची मुलगी शाळा सोडून आपला डबा घासते, हे तुझ्या लेकीने रोज बघायचं का?

तू ज्या ताईंबद्दल लिहिलंस त्या मला योग्य वाटतात. पोलिसांकडून पडताळणी, आधीच्या घरी चौकशी हे तू करशीलच. त्यांच्याकडून अभ्यास घेण्याची अपेक्षा ठेवू नकोस. धाकटा पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसेल, ते गणित तुम्ही बघा. ताईंनी वही उघडली का आणि मोबाइल ठरल्या वेळी बाजूला ठेवला का, एवढं पाहिलं तरी खूप झालं. घरात आहेतच म्हणून धुणीभांडी त्यांच्या गळ्यात घालू नकोस.

आता जरा अवघड गोष्ट. थोरली काही गोष्टी तुझ्याआधी ताईंना सांगेल. तुला लागेल ते, तरी ताईंना रोज खोदून विचारू नकोस. मैत्रिणीशी भांडण, चाचणीतले कमी गुण, हे त्यांनी पोटात ठेवलं तर ठेवू दे. त्याने मुलगी बोलती राहील. पण कुणी अंगचटीला येतंय, मोबाइलवर अनोळखी माणसाशी बोलणं चाललंय, कुणी मारतंय, यातलं काही कानावर आलं तर ते त्याच दिवशी तुला कळलं पाहिजे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. काय पोटात ठेवायचं आणि काय सांगायचंच, हे ताई आणि थोरली दोघींना एकत्र बसवून सांग. म्हणजे उद्या ताईंनी तोंड उघडलं तर लेकीला दगा वाटणार नाही. मुलांसाठीचा 1098 हा नंबर फ्रिजवर लावून ठेव.

पाळीचंही आधीच बोलून घे. ती पहिल्यांदा येईल तेव्हा कदाचित तू ऑफिसात असशील. पॅड कुठे ठेवलेत ते ताईंना माहीत असू दे. आणि त्यांच्या घरी बाजूला बसण्याची रीत असली, तरी तुझ्या घरात ती चालणार नाही, हे नीट, त्यांचा मान राखून सांग.

तुम्ही ठाण्यात राहता, तेव्हा पावसाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या आणि किती आईबाप रात्रभर घरी पोचू शकले नाहीत. तसा दिवस आला तर ताईंनी थांबायचं का, मुलांना शेजारी कुणाकडे सोपवायचं, हे आजच ठरव. त्यांनाही घर आहे, त्यांचीही मुलं वाट बघत असतील, म्हणून थांबण्याचा आग्रह करण्याआधी त्यांची अडचण विचार. थांबल्या तर त्या तासांचे पैसे वेगळे दे, मागायची वेळ आणू नकोस.

तू एवढं सगळं मागशील, मग त्यांना तसा अधिकारही दे. ताईंनी टीव्ही बंद केला आणि मुलांनी तुला फोन लावला, तर फोनवर निकाल देऊ नकोस. ‘ताई सांगतात तसं करा’ एवढंच म्हण. त्यांचं चुकलंय असं वाटलं तर रात्री मुलं झोपल्यावर त्यांच्याशी फोनवर बोल. मुलांच्या देखत त्यांना एकदा जरी खाली पाहायला लावलंस, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांचं कुणी ऐकणार नाही.

त्या सोमवारपासून येणार ना? मग रविवारी त्यांना चहाला बोलाव, जावईबापूंनाही घरी थांबव, आणि हे सगळं मुलांसमोर बोलून घ्या.

तुझी,
मावशी