लोकरंजनाचें अध्ययन आणि निवाडा

जें हजारों लोक आवडीनें वाचतात, पाहतात किंवा गुणगुणतात, तें विद्वानांच्या परिषदेंत चर्चेस योग्य आहे काय, हा प्रश्न निघतांच पुष्कळ सुशिक्षितांस हसूं येतें. गुप्तपोलिसी कादंबऱ्या, चित्रकथा, पाकक्रियेचीं पुस्तकें, इतकेंच काय पण थडग्यांवरील शिळा, यांवर प्राध्यापकांनीं निबंध वाचावे, ही कल्पना प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते खरी. परंतु अमेरिकेंत हा क्रम पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे. ओहायो संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथील विद्यापीठांत अध्यापक असलेल्या रे ब्राउन यांनीं १९६७ सालीं या विषयास वाहिलेलें नियतकालिक काढलें, आणि १९७१ सालीं मिशिगन संस्थानांत ईस्ट लॅन्सिंग येथें या अभ्यासकांचें पहिलें राष्ट्रीय अधिवेशन भरलें.

या उद्योगास हसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. एखाद्या काळचे राजे व पंडित काय बोलत होते हें ठाऊक असून, सामान्य गृहिणी दिवसाचें काम आटोपल्यावर कशांत मन रमवीत होती हें ठाऊक नसेल, तर त्या काळाचें आपलें ज्ञान अर्धेंच म्हटलें पाहिजे. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा परिषदांतून “आम्ही वर्णन करतों, निवाडा करीत नाहीं” असें पुष्कळदां अभिमानानें सांगितलें जातें. जुना पंडित न वाचतांच तुच्छ लेखीत असे. म्हणून नव्यानें गुणदोषविवेचनच वर्ज्य केलें. हेतु चांगला आहे. पण निवाडा न करणें म्हणजे आदर करणें होय काय?

जॅनिस रॅडवे या विदुषीनें प्रणयकादंबऱ्यांवर १९८४ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ येथें उपयोगी पडतो. केवळ पुस्तकांवरून अनुमानें न बांधतां ती एका अमेरिकन शहरांतील वाचक स्त्रियांकडे गेली. नवरा आणि मुलें यांच्या सेवेंतून वाचनाचा तेवढा वेळ आपला स्वतःचा असतो, असें त्यांनीं सांगितलें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या स्त्रिया सर्व कादंबऱ्या सारख्याच मानीत नव्हत्या. नायिकेचा छळ करणारा नायक त्यांस खपत नसे, दुःखान्त कथा त्या नाकारीत. आणि त्यांस पुस्तकें सुचविणारी दुकानांतील बाई तर बऱ्यावाईटाची पारख लिहून कळवीत असे. म्हणजे ज्यांच्या सन्मानार्थ विद्वान् निवाडा सोडूं पाहतात, तीं माणसें स्वतः रोज निवाडा करीतच असतात. मग विद्वानाचें मौन त्यांच्या कोणत्या कामीं येणार?

उलट बाजूचा धोकाही आम्ही नाकारीत नाहीं. इंग्लंडांतील रिचर्ड हॉगर्ट हे लीड्स शहरांतील कामकऱ्यांच्या वस्तींत वाढले. १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्या वस्तीचें जीवन मायेनें रंगविलें आणि नव्या बाजारी करमणुकीस कठोर शब्दांत दोष दिला. पुढें १९६४ सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत या अभ्यासाचें केंद्र त्यांनींच स्थापिलें. त्यांनीं निवाडा टाळला नाहीं, हें आम्हांस भूषणावह वाटतें. परंतु यंत्रांत नाणें टाकून गाणीं ऐकणाऱ्या तरुणांविषयीं ते लिहूं लागले, तेव्हां त्यांची लेखणी उतावळी झाली असें आमचें मत आहे. आजीचें घर त्यांनीं आंतून पाहिलें होतें. त्या तरुणांस दुरून पाहिलें. यावरून इतकें ठरतें कीं, निवाड्याचा अधिकार परिचयानें मिळवावा लागतो. तो मिळवणें कठीण म्हणून निवाडाच सोडून द्यावा, असें मात्र ठरत नाहीं.

ही गोष्ट परिषदेपुरती राहती तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. आमच्या मुलानें काय वाचावें, काय पाहावें, याची आम्ही काळजी वाहतों. प्रसंगीं त्याच्याशीं वाद घालतों. आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईचा मुलगा तेंच पाहूं लागला, तर “ज्याची त्याची आवड” म्हणून आम्ही मोकळे होतों. या औदार्यास आम्हांस फारसें कांहीं पडत नाहीं, कारण त्याच्या बऱ्यावाईटाशीं आमचा संबंध आम्ही मानलेलाच नसतो. वर्णनावर थांबणारी विद्वत्ता पुष्कळदां याच जातीची असते.

कोणी म्हणेल, बलवानांचा निवाडा दुर्बळांवर मनाई होऊन बसतो. हें भय खोटें नाहीं. पण मनाईस कारणें द्यावीं लागत नाहींत. निवाड्यास द्यावीं लागतात, आणि त्यांवर उत्तर ऐकून घ्यावें लागतें. तेव्हां अशा परिषदेंत बोलणाऱ्यानें, ज्याच्या आवडीविषयीं आपण बोलत आहों तो मनुष्य समोरच्या खुर्चीवर बसला आहे असें समजून बोलावें. त्याच्यादेखत जें हसून बोलवणार नाहीं, तें त्याच्यामागें बोलूं नये. आणि त्याच्या हिताचें म्हणून जें सांगावेंसें वाटतें, तें गिळूंही नये.