अडचण कोणाची?

इंग्रजी लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना एक वाक्य वारंवार दृष्टीस पडतें : ‘आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड धिस लेसन.’ बिचाऱ्याला सांगावयाचें असतें, कीं हा धडा मला समजावयास जड जातो. वाक्यावरून मात्र तो स्वतःच दुर्बोध ठरतो! ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टु अंडरस्टँड’ किंवा ‘आय हॅव डिफिकल्टी इन अंडरस्टँडिंग’ अशी दुरुस्ती केली म्हणजे शिक्षकाचें काम संपलें, असें मलाहि पुष्कळ वर्षें वाटत होतें.

या चुकीचें मूळ दोन भाषांच्या घडणींत आहे. मराठींत अडचण आपण होऊन माणसाकडे येते. काम ‘मला’ जड जातें, गणित ‘मला’ अवघड वाटतें. कर्ता गणित, मी केवळ सोसणारा. इंग्रजींत मनुष्य पुढें होऊन अडचण आपल्या नांवावर घेतो. ती त्याच्याजवळ असते, किंवा तो ती अनुभवास आल्याचें सांगतो. शब्दाचा अर्थ मात्र दोहोंकडे सारखाच. ‘डिफिकल्ट’च्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘करावयास सोपें नव्हे’ असा आहे. आपल्या ‘दुष्कर’ची घडणहि तशीच. ‘अशक्य’ असा अर्थ दोहोंपैकीं एकाचाहि नाहीं.

येथवर व्याकरण झालें. नीतीचा प्रश्न पुढेंच आहे. ‘फाइंड’ म्हणजे आढळणें. आणि अजमावून पाहिल्यावांचून एखादें काम कठीण असल्याचें आढळेल कसें? जो ‘आय फाइंड इट डिफिकल्ट’ असें लिहितो, तो आपण यत्न करून पाहिल्याची साक्ष देत असतो. यत्न केलाच नसेल, तर वाक्य शुद्ध असूनहि खोटें ठरतें. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें कर्तव्य आणि सामर्थ्य यांची सांगड घातली : जें केलें पाहिजे, तें करतां येण्याजोगें असलेंच पाहिजे. म्हणूनच कर्तव्य टाळूं पाहणाऱ्याला ‘करीत नाहीं’पेक्षां ‘जमत नाहीं’ अधिक प्रिय. पहिल्याची जबाबदारी आपल्यावर येते, दुसऱ्याची परिस्थितीवर ढकलतां येते.

हें मी दुसऱ्यांना उद्देशून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या विद्यार्थ्यानें परीक्षेच्या फीसाठीं उसने पैसे मागितले. पैसे माझ्याजवळ होते. देण्याची इच्छा नव्हती. ‘देत नाहीं’ असें मराठींत लिहावयास हात धजेना. म्हणून ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टु हेल्प यू ॲट प्रेझेंट’ असें सुबक वाक्य लिहून मी मोकळा झालों. आठ दिवसांनीं त्याचें मराठी पत्र आलें : ‘सर, आपली अडचण वाचून वाईट वाटलें. ती दूर होईपर्यंत मी थांबेन. माझ्यासाठीं आपण ओढाताण करूं नये.’ पैसे मीं त्याच दिवशीं पाठविले. वाक्य मात्र परत घेतां आलें नाहीं.

सौजन्याखातर नकार मऊ करावा, हें मला मान्य आहे. दोष केवळ इंग्रजीचाहि नव्हे. आपलें ‘सवड नाहीं’ कांहीं कमी कामाचें नाहीं. परंतु परभाषेंतील असत्य लिहिणाऱ्याच्या मनाला कमी टोंचतें, एवढा फरक खरा. म्हणून आतां वहींतलें तें वाक्य दुरुस्त करतांना मी विद्यार्थ्याला विचारतों : अडचण कोणती, आणि ती खरोखर आहे ना? हा प्रश्न प्रथम मीं स्वतःस विचारावयास हवा होता. त्या मुलाचें इंग्रजी कच्चें नव्हतें. त्यानें माझें वाक्य खरें मानलें, एवढेंच.